अधिकार खाली उतरतात तेव्हा नेमकं काय उतरतं? (इंदूर निगमाच्या निमित्तानं)

रामबागकर

विकेंद्रीकरणाची चर्चा आपल्याकडे ‘७४वी घटनादुरुस्ती झाली, शहरांना अधिकार मिळाले’ इथे सुरू होते आणि ‘पण हातात काही आलं नाही’ इथे संपते. मधलं कुणी उलगडून सांगत नाही. ते उलगडावं म्हणून हा धागा. उदाहरणं शक्यतो इंदूर निगमाचीच, म्हणजे इथल्या महानगरपालिकेचीच घेऊ. नळ, कचरागाडी आणि संपत्तिकराची पावती सगळ्यांच्या ओळखीची आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. एखादा अधिकार खरंच खाली आला का, हे तीन प्रश्नांवरून कळतं. काम कायद्यानं कुणाच्या नावावर आहे? त्याचा पैसा कुणाच्या सहीनं सुटतो? आणि ते काम करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली कोण करतो? तिन्हींचं उत्तर एकच असेल तर अधिकार आला. एक जरी उत्तर वरच्या घरात राहिलं, तर खालच्याच्या वाट्याला फक्त जबाबदारी येते.

आता रचना. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या सातव्या अनुसूचीत मुळात संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती (दोघांच्या सामाईक) सूचीत ४७ विषय होते. ‘स्थानिक शासन’ ही राज्य सूचीतली ५वी नोंद. म्हणजे दिल्लीनं ठरवलं तरी इंदूर निगमाला थेट अधिकार देता येत नाही, तो भोपाळमार्गेच यावा लागतो. ७३वी (पंचायतींची) दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला आणि ७४वी १ जून १९९३ ला लागू झाली. त्यांत काय सक्तीचं आणि काय मर्जीचं, ते नीट वेगळं करा. दर पाच वर्षांनी निवडणूक, आरक्षण, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग हे सक्तीचं. कामं कोणती द्यायची आणि कर कोणते लावू द्यायचे, हे मात्र राज्याच्या विधिमंडळावर सोडलेलं. कलम २४३-डब्ल्यू वाचा: विधिमंडळ कायद्यानं अधिकार ‘देऊ शकेल’. बाराव्या अनुसूचीतले १८ विषय ही देता येण्याजोग्या कामांची यादी आहे, दिलेल्या कामांची नव्हे.

उलट दिशेचं उदाहरणही लक्षात असू द्या. ४२व्या दुरुस्तीनं शिक्षण, वनं, वजनमापं, वन्यप्राणी-पक्ष्यांचं रक्षण आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हे पाच विषय राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकले. ३ जानेवारी १९७७ पासून ते तिथेच आहेत. वर गेलेला विषय आपोआप परत येत नाही.

हिशेबनीस

रामबागकर, तुमच्या तीन प्रश्नांतला दुसरा मी घेतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

केंद्राकडून राज्याकडे पैसा तीन वाटांनी येतो. पहिली, करांमधला वाटा, कलम २७०. १३व्या वित्त आयोगानं तो ३२ टक्के ठेवला, १४व्यानं एकदम ४२, आणि १५व्यानं ४१. तो एक टक्का जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यामुळे कमी झाला. १५व्या आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) या ४१ टक्क्यांत मध्य प्रदेशाचा हिस्सा ७.८५ टक्के होता. म्हणजे वाटपाच्या कुंडात (राज्यांशी वाटून घ्यायच्या केंद्रीय करांत) १०० रुपये जमले तर भोपाळला साधारण ३ रुपये २२ पैसे. हा पैसा बिनशर्त येतो, तो कशावर खर्च करायचा ते विधानसभा ठरवते. खरं स्वातंत्र्य याच पैशात आहे.

हिस्सा ठरतो कसा? १५व्या आयोगानं दरडोई उत्पन्नातल्या तफावतीला ४५ गुण दिले, २०११ च्या लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याला १२.५, वनं-पर्यावरणाला १० आणि करवसुलीच्या प्रयत्नांना २.५. आपलं राज्य मोठं, जंगलाचं आणि उत्पन्नात मागे, म्हणून हिस्सा बरा येतो.

यातली पळवाट म्हणजे उपकर आणि अधिभार. ते या कुंडात पडतच नाहीत. पेट्रोल-डिझेलवरच्या केंद्रीय करातला मोठा भाग याच दोन नावांनी गोळा होतो. त्यामुळे ४१ हा आकडा कागदावर तसाच राहतो आणि केंद्राच्या एकूण करउत्पन्नातला राज्यांचा भाग त्याहून कमी भरतो. ८०व्या दुरुस्तीनं २००० साली जवळपास सगळे केंद्रीय कर कुंडात आणले; उपकर-अधिभार बाहेर राहिले, आणि पुढे त्याच दारातून पैसा वळला.

दुसरी वाट, वित्त आयोगाची अनुदानं, कलम २७५. तिसरी, केंद्र पुरस्कृत योजना, कलम २८२. आपल्यासारख्या राज्यांत बहुतेक योजनांना केंद्र ६० आणि राज्य ४० असा हिशेब. इथे विषय राज्याचा असतो, पण नियमावली दिल्लीत लिहिली जाते. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल खातं (योजनेचा सगळा पैसा ज्यातून जातो ते) लागतं. केंद्र एका वेळी वर्षाच्या रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त सोडत नाही, आणि आधी सोडलेल्यातला ७५ टक्के भाग खर्च झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. राज्यानं आपले ४० वेळेवर टाकले नाहीत की साखळी तिथेच थांबते. ठेकेदाराचं बिल अडतं तेव्हा निगमाच्या खिडकीवर उत्तर मिळतं ‘वरून आलं नाही’. ते खरंही असतं. फक्त ‘वर’ म्हणजे भोपाळ की दिल्ली, हे त्या खिडकीवर कळत नाही.

सुदामानगर_सीमा

फार नेमकं लिहिता आहात दोघंही. एक शंका. बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय नगरनियोजन आहे ना? मग इंदूरचा मास्टर प्लॅन निगम का करत नाही?

खान_नदी

सीमाताई, कारण ते काम दुसऱ्या कायद्यानं दुसऱ्याच्या नावावर आहे. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ मध्ये आला, म्हणजे ७४व्या दुरुस्तीच्या वीस वर्षं आधी. त्यानुसार विकास योजना राज्याचं संचालनालय करतं. २०२१ साठीची आपली योजना १ जानेवारी २००८ पासून लागू झाली, तीही त्यांनीच केलेली. योजनेतल्या स्कीमा टाकून जमीन विकसित करायचं काम इंदूर विकास प्राधिकरणाचं, आणि त्याचा अध्यक्ष राज्य शासन नेमतं. निगमाकडे राहतं ते इमारतीचा नकाशा मंजूर करणं. म्हणजे शहर कुठल्या दिशेला वाढणार ते एक ठरवतो, रस्ता-भूखंड दुसरा पाडतो, आणि वस्ती झाल्यावर ड्रेनेज टाकायला, कचरा उचलायला निगम येतो. कॉलनी हस्तांतराची भांडणं सगळी इथली. विकासकानं वा प्राधिकरणानं अर्धवट सोडलेली वस्ती निगमानं ताब्यात घ्यायची की नाही, आणि राहिलेल्या कामाचा खर्च कुणी भरायचा?

(नगरनियोजनाचा शहाणपणा या गावाला नवा नाही. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस यांना बोलावून १९१८ साली शहराचा अहवाल करून घेतला होता. नदी, वाडे, गल्ल्या पायी फिरून पाहून केलेलं काम.)

अनुसूचीतला ७वा विषय अग्निशमन. इंदूरात ते कित्येक वर्षं पोलीस खात्याकडे होतं. यादीत नाव एकाचं आणि बंब दुसऱ्याच्या दारात, असा प्रकार.

पाण्याकडे बघा, ५वा विषय. काम निगमाचं. पण पाणी नर्मदेचं, सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणावं लागतं. सगळा खर्च विजेचा. विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, पुरवठा राज्याची कंपनी करते. निगमाच्या हातात राहतो नळाचा दर, आणि तो वाढवायची हिंमत कुठल्याच परिषदेला होत नाही. म्हणून जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प आखून निगमानं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे थेट लोकांसाठी बाजारात आणले, आणि मागणी त्याहून कितीतरी जास्त आली. माझ्या मते गेल्या काही वर्षांत निगमानं स्वायत्ततेच्या दिशेनं टाकलेलं हे सगळ्यात ठोस पाऊल. भाषणं कमी झाली त्यावर, पण विजेचं बिल कमी करणं म्हणजे भोपाळवरचं अवलंबन कमी करणं आहे.

कचरा याच्या बरोबर उलट. ६वा विषय. घंटागाड्या निगमाच्या, चालक-सफाई कामगार निगमाचे, सफाई शुल्क निगमाचं, दंड करायचा अधिकार निगमाचा, ट्रेंचिंग ग्राउंडची (कचरा डेपोची) जागा निगमाकडे. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येत गेलं त्यामागे लोकांची शिस्त आहेच, पण रामबागकरांचे तिन्ही प्रश्न या एका कामात एकाच घरात सुटतात, हेही आहे. २०२२ साली सुरू झालेला ५५० टन रोजच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प ओला कचरा घरातूनच वेगळा आला तरच चालतो. गाडीवरचा माणूस, दंडाची पावती आणि प्रकल्प एकाच यंत्रणेखाली नसते तर तो चाललाच नसता.

लोकमान्यनगर

खान_नदी, चित्र बरोबर आहे, निष्कर्षाशी पूर्ण सहमत नाही. कचऱ्यात सुद्धा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘निगम’ नाही. आयुक्त आयएएस, त्यांना राज्य शासन पाठवतं आणि बोलावून घेतं. महापौर थेट जनतेतून निवडून येतात, तरी आयुक्तांची बदली त्यांच्या हातात नाही. म्हणजे तुमची कसोटी लावली तर कचराही नापास व्हायला हवा, आणि तो तर देशात पहिला आला. मग कसोटीत काहीतरी कमी आहे.

दुसरी बाजूही मांडतो. राज्यात नगर परिषदा अशाही आहेत जिथे एक उपयंत्री (कनिष्ठ अभियंता) दोन-दोन गावं सांभाळतो. तिथे नगरनियोजन दिलं तर नकाशा कोण काढणार? पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावाला आणि इंदूरला एकाच मापानं अधिकार देता येत नाहीत. राज्याचं ‘थांबा’ म्हणणं दर वेळी सत्तेच्या हव्यासापोटी नसतं.

रामबागकर

भाऊ, आयुक्तांचा मुद्दा मान्यच करायला हवा, पण तो कसोटी पक्की करतो. कचऱ्यात रोजच्या हजेरीपासून दंडापर्यंतची माणसं निगमाची होती, आणि शिखरावर शासनानं पाठवलेले आयुक्त त्या काळात त्याच कामाला जुंपलेले राहिले. म्हणजे यश आलं ते वरची इच्छा आणि खालची यंत्रणा जुळली म्हणून. उद्या वरची इच्छा दुसरीकडे वळली तर महापौरांकडे तिला अडवायचं साधन काय? हाच अधिकार आणि मर्जी यांतला फरक.

लहान नगर परिषदांचं म्हणणं बरोबर. पण त्यावर तोड आहे: अधिकार टप्प्यानं द्या, निकष आधी छापा. इतकी लोकसंख्या, इतकी करवसुली, इतका तांत्रिक सेटअप असेल तर नियोजन तुमचं. आज निकषच नाही, म्हणून दहा लाखांवरचं इंदूर आणि पंधरा हजारांची नगर परिषद दोन्ही एकाच रांगेत उभी.

हिशेबनीस

लोकांना बजेट वाचताना जी ओळ दिसते पण कळत नाही, ती सांगतो: ‘चुंगी क्षतिपूर्ती’.

मध्य प्रदेशानं चुंगी, म्हणजे जकात, १९७६ साली बंद केली. नाक्यावर मालावर घेतला जाणारा हा कर नगरपालिकांचा हक्काचा, रोज रोख जमणारा पैसा होता. त्याऐवजी राज्यानं प्रवेश कर लावला आणि सांगितलं, तुमचं नुकसान आम्ही भरून देऊ. २०१७ ला जीएसटी आला, प्रवेश करही त्यात विरला. भरपाईची ओळ राहिली. आता परिणाम बघा. आपला कर होता तोवर बाजार वाढला की उत्पन्न वाढायचं. भरपाई झाली तेव्हा रक्कम राज्याच्या आदेशानं ठरू लागली. शिवाय ही रक्कम पूर्ण हातात येत नाही. निगमावर वीज कंपनीची थकबाकी असेल तर ती शासन स्तरावर यातूनच कापली जाते, कर्जाचे हप्तेही. महिनाअखेरीला कर्मचाऱ्यांचे पगार या ओळीवर अवलंबून असतात, त्यामुळे कपात मोठी झाली की पगार पुढे ढकलले जातात. नगरपालिकेचा एक कर गेला आणि ती मागणारी झाली, हे चाळीस-पन्नास वर्षांत असं हळूहळू घडलं.

अशीच आणखी गळती. घराची रजिस्ट्री करताना मुद्रांक शुल्कासोबत नगरपालिकांसाठीचा अतिरिक्त भाग घेतात. तो आधी राज्याच्या तिजोरीत जातो, मग वाटला जातो. व्यवसाय कर राज्य गोळा करतं, आणि कलम २७६ नुसार माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ पासून तीच आहे. रेल्वेच्या आणि केंद्राच्या इतर जागांवर कलम २८५ मुळे संपत्तिकर लागत नाही, फार तर सेवाशुल्क. इंदूरसारख्या शहरात ही जमीन थोडी नाही.

राहिला संपत्तिकर. तो तरी पूर्ण आपला का? २०२० च्या मे महिन्यात केंद्रानं राज्यांची कर्जमर्यादा २ टक्क्यांनी वाढवली, त्यातला काही भाग सुधारणांच्या अटीवर. शहरांसाठीची अट: संपत्तिकराचे किमान दर जमिनीच्या सरकारी दराशी जोडा आणि पाणी-मलनिस्सारणाचे किमान दर ठरवा. मोबदला राज्याच्या उत्पन्नाच्या ०.२५ टक्के जादा कर्ज. मध्य प्रदेश आणि आंध्र यांनी सर्वांत आधी हे केलं, आपल्याला २,३७३ कोटींचं जादा कर्ज घेण्याची मुभा मिळाली. दर बरोबर की चूक हा वाद वेगळा. प्रक्रिया बघा: कलम २९३ नुसार केंद्राचं कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायला दिल्लीची संमती लागते, त्या संमतीच्या बदल्यात राज्यानं कायदा बदलला, आणि इंदूरच्या घरमालकाच्या पावतीचा आधार बदलला. निगम परिषदेत यावर चर्चा व्हायला जागाच उरली नाही.

सुदामानगर_सीमा

बाप रे. म्हणजे दिल्लीची अट थेट आपल्या पावतीपर्यंत पोचते, विषय राज्य सूचीत असूनही.

स्वाती_जेलरोड

बाहेरच्या तीन अनुभवांची भर घालते. तिघांनी तीन वेगळ्या ठिकाणांहून सुरुवात केली.

ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि वेल्सला १९९७ च्या सार्वमतानंतर अधिकार मिळाले, पण पद्धत उलटसुलट. स्कॉटलंडच्या १९९८ च्या कायद्यात लंडनकडे काय राहणार याची यादी केली: परराष्ट्र, संरक्षण, चलन वगैरे. यादीत नाही ते सगळं एडिंबराचं. वेल्सला मात्र काय दिलं याची यादी केली. त्यामुळे प्रत्येक नव्या गोष्टीला ‘हे आमच्यात येतं का’ असा वाद, कोर्टकचेऱ्या. शेवटी २०१७ च्या कायद्यानं वेल्सलाही स्कॉटलंडसारखी पद्धत दिली. आपली बारावी अनुसूची वेल्सच्या जुन्या पद्धतीची आहे, तीही ऐच्छिक. पैसा मात्र तिथेही मोठ्या प्रमाणात लंडनहूनच जातो, आणि स्कॉटलंडचा एखादा कायदा रोखून धरण्याचा अधिकार लंडननं जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा वापरला. म्हणजे शेवटची चावी तिथेही वरच आहे.

इंडोनेशियानं २००१ मध्ये एका झटक्यात कामं खाली दिली, आणि प्रांतांना वगळून थेट जिल्ह्यांना. प्रांत बलवान झाले तर फुटून जातील ही भीती. कामांबरोबर वीस लाखांच्या घरात सरकारी कर्मचारी खाली वर्ग केले. कामांसोबत माणसंही खाली आली, म्हणून शाळा-दवाखाने बंद पडले नाहीत. पुढे अडचण वेगळीच आली: जिल्ह्याला अनुदान मिळतं म्हटल्यावर जिल्हेच फुटत गेले, संख्या भराभर वाढली, आणि पैसा नव्या कचेऱ्या-पगारांत गेला. अनुदानाच्या सूत्रात प्रत्येक नव्या जिल्ह्याला ठरलेली रक्कम ठेवली की हे होणारच.

केरळनं पैशापासून सुरुवात केली. १९९६ ला ठरवलं की योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना. आधी कुवत तयार करू मग पैसा देऊ, असं न म्हणता पैसा आधी दिला आणि कुवत घडवायला घेतली. अर्थसंकल्पाचं चौथं परिशिष्ट स्थानिक संस्थांचं. कुठल्या पंचायतीला किती हे त्यात छापलेलं असतं, त्यामुळे वर्षाच्या मध्ये कुणा मंत्र्याला ते दुसरीकडे वळवणं अवघड. हे परिशिष्ट आपल्याकडे आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. भोपाळच्या अर्थसंकल्पाला एक जोडपत्र, एवढंच.

देवासकर

स्वातीताई, शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

मध्य प्रदेश या बाबतीत मागासच होता असं मात्र कुणी समजू नये. ७३व्या दुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारं पहिलं राज्य आपलं, १९९४. १ एप्रिल १९९९ पासून ‘जिला सरकार’ आणलं, जिल्हा नियोजन समितीला राज्याचे अधिकार दिले. २६ जानेवारी २००१ पासून ग्रामस्वराज्य, ग्रामसभेला अधिकार. पण जिल्हा समितीचं अध्यक्षपद प्रभारी मंत्र्यांकडे, म्हणजे राज्याचाच माणूस जिल्ह्यात येऊन बसला. सरकार बदललं आणि तो प्रयोग मागे पडला. कायद्यात न रुजवता आदेशांवर उभं केलेलं पुढच्या आदेशानं निघून जातं.

निवडणुकीचं तर ताजंच आहे. इंदूर निगमाची मुदत फेब्रुवारी २०२० ला संपली. कलम २४३-यू सांगतं मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी. मतदान झालं जुलै २०२२ मध्ये. मध्ये करोना होता, महापौर थेट निवडायचा की पार्षदांनी (नगरसेवकांनी) हा बदल २०१९ ला झाला आणि २०२२ ला उलटवला गेला, आणि ओबीसी आरक्षणाचा खटला. १० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं मागासवर्ग आरक्षणाच्या तिहेरी चाचणीसाठी (आरक्षणाआधी पुऱ्या करायच्या तीन अटींसाठी) निवडणूक थांबवू नका असं बजावलं, १८ मे रोजी आयोगाचा अहवाल आल्यावर आरक्षणासह परवानगी दिली. या जवळपास अडीच वर्षांत ८५ वार्डांत एकही पार्षद नव्हता, प्रशासक म्हणून संभागायुक्त (विभागीय आयुक्त). या काळात बजेट मंजूर झाली, ठराव झाले, सही एकाच माणसाची. लोकशाहीचा हा खंड कुणाला फारसा खुपला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निमाडी_वाट

थोडं शहराबाहेर. इंदूर जिल्हा पाचव्या अनुसूचीत (आदिवासी भागांच्या) नाही, पण शेजारचे झाबुआ, आलीराजपूर, बडवानी आणि धारचा मोठा भाग आहे. या भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम आले १५ नोव्हेंबर २०२२ ला. २० जिल्ह्यांतले ८९ विकासखंड त्यात येतात. नियमांशिवाय कायदा सव्वीस वर्षं राहू शकतो, हे रामबागकरांच्या ‘देऊ शकेल’ला पूरक उदाहरण.

आणि उलटं टोक हवं असेल तर महू. त्याच इंदूर जिल्ह्यात, पण लष्करी छावणी. २००६ च्या छावणी कायद्याखाली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. नळ आणि गटार तिथेही आहेच, दोरी मात्र थेट दिल्लीच्या हातात.

मल्हारगंज७

जीएसटी परिषदेत राज्यांना दोनतृतीयांश मत आहे म्हणतात. मग राज्यं दुबळी कशी?

हिशेबनीस

कलम २७९-ए. केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश लागतात. राज्यं एकजूट झाली तरी ६६.६७ टक्क्यांवर थांबतात, ७५ होत नाहीत. म्हणजे केंद्राशिवाय काही होत नाही. केंद्रालाही राज्यांची साथ लागते, पण सगळ्यांची नाही. एकट्या मध्य प्रदेशाला ‘आमच्याकडे अमुक वस्तूवर दर वेगळा’ असं म्हणायची सोय व्यवहारात राहिली नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत असं म्हटलंय, पण एकाच संगणकीय जाळ्यावर चालणाऱ्या करात वेगळी वाट धरणं सोपं नाही. जीएसटीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नाच्या नुकसानभरपाईची पाच वर्षं ३० जून २०२२ ला संपली, तेव्हापासून राज्यांची घासाघीस करायची ताकद आणखी कमी झाली.

सुदामानगर_सीमा

आता व्यवहाराचं विचारते. वार्डात राहणाऱ्या माणसाला एखाद्या कामाचा अधिकार कुठे अडकलाय हे शोधायचं असेल तर सुरुवात कुठून?

रामबागकर

ताई, एक काम निवडा, सगळी व्यवस्था एकदम नको. समजा, वार्डातली नवी ड्रेनेज लाइन.

आधी पैसा कुठल्या शीर्षाखाली आहे ते बघा. निगम निधी, केंद्राची योजना, वित्त आयोग अनुदान की आमदार-खासदार निधी? निगमाच्या बजेट पुस्तिकेत शीर्ष छापलेलं असतं. निगम निधी असेल तर प्रश्न इथेच सुटतो. वित्त आयोगाचा पैसा असेल तर कामाचा प्रकार आधीच बांधलेला असतो: दहा लाखांवरच्या शहरी क्षेत्रांसाठी १५व्या आयोगानं दिलेल्या अनुदानात दोनतृतीयांश भाग पाणी-स्वच्छतेला आणि एकतृतीयांश हवेच्या गुणवत्तेला होता. आपल्या राज्यात इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर त्यात. केंद्राकडून हप्ता आल्यावर राज्यानं तो दहा कामाच्या दिवसांत पुढे द्यायचा, नाहीतर व्याजासकट. ही तारीख विचारायला विसरू नका, बरीच दिरंगाई इथे उघडी पडते.

मग मंजुरीची पायरी. ठरावीक रकमेपर्यंत आयुक्त, त्यावर महापौर परिषद, त्याहून वर निगम परिषद, आणखी वर राज्य शासन. फाइल कुठल्या पायरीला आहे हे कळलं की कुणाकडे जायचं ते कळतं. पार्षदाकडे रोज खेपा घालायच्या आणि फाइल शासनाच्या तांत्रिक मंजुरीत पडलेली, असं बऱ्याचदा होतं.

नंतर माणूस. झोनमधल्या उपयंत्र्याची जागा मंजूर सेटअपमध्ये आहे का, भरलेली आहे का, की प्रभारावर चालली आहे? पदं मंजूर करणं राज्याच्या हातात आहे, त्यामुळे रिकाम्या जागेसाठी महापौरांना दोष देऊन उपयोग नसतो.

लोकमान्यनगर

यात एक भर. माहिती अधिकारात अर्ज करताना ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: प्रशासकीय मंजुरीचा आदेश, तांत्रिक मंजुरीचा आदेश, निधीचं शीर्ष, कार्यादेशाची तारीख, माप पुस्तिकेची प्रत. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. कागद दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो, आणि वर्ग केल्याचं पत्र हाच तुमचा पुरावा, की ते काम निगमाच्या हातात नव्हतं.

स्वाती_जेलरोड

राज्य वित्त आयोगाचंही असंच मागता येतं. आयोगाचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि त्यावर काय कारवाई केली याच्या स्पष्टीकरणासह विधानसभेत ठेवावाच लागतो, कलम २४३-आय. त्या स्पष्टीकरणात प्रत्येक शिफारशीपुढे ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ किंवा ‘अमान्य’ असा शेरा असतो. १५व्या आयोगानं तर अट घातली होती की मार्च २०२४ पर्यंत हे न करणाऱ्या राज्यांना स्थानिक संस्थांचं अनुदान मिळणार नाही. नगरपालिकांना राज्याच्या करांतला किती वाटा द्यावा, ही शिफारस आणि तिच्यापुढचा शेरा, एवढी दोनच पानं मागवून इथे टाकली तरी पुढची चर्चा आकड्यांवर होईल. मी विधानसभा सचिवालयाकडे अर्ज करते. निगमाकडून गेल्या तीन वर्षांतली चुंगी क्षतिपूर्तीची मंजूर रक्कम, कपात आणि हातात आलेली रक्कम कुणी मागवेल का?

हिशेबनीस

ते मी करतो. महिन्यावार मागतो, वार्षिक आकड्यात कपात दिसत नाही.